कानसेननं न घेतलेलं घर

भिंतींना कान असतात असं म्हणतात. ह्या गोष्टीत कान माणसाचे होते आणि तो ते भिंतींना लावत हिंडायचा. शहरात नळाची कामं करणारे ढीगभर होते, पण पाइप नेमका कुठे गळतोय हे भिंत न फोडता सांगणारा हा एकटाच. उजवा कान भिंतीला चिकटवायचा, डोळे मिटायचे, घरातल्या सगळ्यांना दरडावून गप्प करायचं आणि मग बोट टेकवून म्हणायचं, "इथे." फोडून बघावं तर गळती तिथेच. गाण्याची एक ओळ धड म्हणता येत नव्हती, म्हणून एका गिऱ्हाइकानं थट्टेनं त्याला कानसेन म्हटलं, आणि ते नाव असं चिकटलं की पुढे बायकोसुद्धा फोनवर "कानसेनांच्या घरून बोलतेय" म्हणू लागली.

घरून म्हणायचं आपलं. घर त्याचं नव्हतंच. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो सत्तावीस वर्षं भाड्यानं राहत होता. ह्या सत्तावीस वर्षांत त्यानं घरं पाहिली नाहीत असं नाही. घर पाहावं बांधून, अशी म्हण आहे; ह्यानं घर पाहावं आणि परत यावं, असा नेम धरला होता. एकदा व्याज फार होतं, एकदा मुलाचं शिक्षण होतं, एकदा तर काहीच नव्हतं, तरी हा म्हणाला, "बघू पुढच्या वर्षी." मुलगा शिकला, परगावी नोकरीला लागला, आणि ह्याचं तळ्यात-मळ्यात चालूच राहिलं.

बायको एका दवाखान्याच्या धुलाईघरात काम करायची. ओल्या चादरी उचलायच्या, यंत्रातून काढायच्या, उभ्यानं घड्या घालायच्या, हे एकोणीस वर्षं. तिचे गुडघे गेले होते. घरी यायला चौसष्ट पायऱ्या होत्या. दुसऱ्या मजल्याशी ती थांबायची, कठड्याला धरून श्वास घ्यायची, आणि कुणी वरून-खालून गेलं तर उगाच पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करायची. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, की जिने बंद करा, नाहीतर दोन वर्षांनी जिनेच तुम्हाला बंद करतील. त्यातच घरमालकाची चिठ्ठी आली: इमारत पाडायची आहे, वर्षअखेर खोल्या रिकाम्या करा.

म्हणजे आता निर्णय घेणं भागच होतं. आणि नेमकी तेव्हाच सगळ्या शहराची मती गुंग झाली होती. ज्या कारखान्यावर अर्धं शहर जगत होतं तो बंद पडणार अशी आवई होती. कामगारांना आठवड्यातून तीनच दिवस बोलावत होते. घरांचे भाव कोसळणार, असं जो तो सांगत होता. शहाणी माणसं तर एका सुरात म्हणत होती, "आत्ता घेणारा मूर्ख. थांबा." शहाण्या माणसांचं एक बरं असतं, त्यांची घरं आधीच झालेली असतात.

अशात बाईंनी त्याला बोलावलं. बाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्या राहायच्या. बैठं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे हातभर अंगण. आता त्या भावाकडे राहायला जाणार होत्या. म्हणाल्या, "पंधरा वर्षं तुम्ही माझे नळ बघताय. एकदाही खोटं काम सांगितलं नाहीत. घर विकायचं आहे, पहिला शब्द तुम्हाला. त्याआधी जरा रंग लावून घ्यायचाय, कुणी भरवशाचा माणूस आहे का?"

कानसेन म्हणाला, "आहे ना. आपला रंगराव."

रंगराव म्हणजे रंगारी. कानसेनचा बावीस वर्षांचा दोस्त. ह्यानं पाइप टाकायचे, त्यानं वरून भिंत सारखी करून रंग द्यायचा, अशी त्यांची जोडी. दुपारचा डबा एकत्र, सुट्टीच्या दिवशी पत्ते एकत्र. कानसेनची बायको त्याला भावजी म्हणायची, आणि तोही हक्कानं तिच्याकडून चहात साखर जास्त मागून घ्यायचा. बाईंच्या घराची बातमी कानसेननं बायकोच्याही आधी त्याला सांगितली. "बाई मला देतायत घर. रंग झकास दे बरं का."

रंगराव हसून म्हणाला, "काळजी करू नकोस. आपलंच घर समजून देतो."

आता ह्या दोघांची एक भानगड सांगायलाच हवी, कारण सगळं रामायण तिच्यावरून घडलं. घर विकायला काढलं की मालक लोक काय करतात? भिंतीत ओल असली, पोपडे आले असले, तर रंगाऱ्याला बोलावतात. तो खरवडतो, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो, वरून दोन हात मारतो, आणि भिंत सहा महिने तरी नव्या नवरीसारखी दिसते. तेवढ्यात घर विकलं जातं. पुढे ओल वर आली की नवा मालक कुणाची मानगूट धरतो? ज्याचा हात शेवटचा लागला त्याची. कानसेननं ह्या दोस्तीच्या सुरुवातीला असाच एका घरात साधा नळ बदलला होता; पंधरा दिवसांत भिंत फुगली, आणि न केलेल्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून त्याला ती पदरच्या खर्चानं दुरुस्त करून द्यावी लागली. ती भिंत रंगरावनं रंगवलेली होती. रंगरावला फार वाईट वाटलं. तेव्हापासून त्यानं एक खूण सुरू केली. जिथे जिथे तो ओलीवर रंग चढवायचा, तिथे त्या खोलीच्या दाराआड, खालच्या बिजागरीशी, पेन्सिलीची एक बारीक फुली मारून ठेवायचा. कानसेन कामाला गेला की आधी दाराआड वाकायचा. फुली दिसली की "ह्या महिन्यात वेळ नाही हो" म्हणून काढता पाय घ्यायचा.

ह्या फुलीबद्दल कुणाशी बोलायचं नाही, एकमेकांशीसुद्धा नाही, असं ठरलेलं होतं. बायकांनाही माहीत नव्हतं. ती घरं ज्यांनी विकत घेतली त्यांचं काय झालं, हा प्रश्न कानसेनला कधी पडला नाही असं नाही. पडायचा. मग तो पाना उचलून पुढच्या कामाला जायचा.

रंग झाल्यावर कानसेन बायकोला घेऊन बाईंच्या घरी गेला. दोनच पायऱ्या होत्या, त्याही बुटक्या. बायको स्वयंपाकघरातून अंगणात गेली, परत आली, परत गेली. चार वेळा. बाईंनी विचारलं, "काही हरवलंय का?" तेव्हा ती लाजून हसली. "नाही, चालून बघतेय. इथून तिथे कपडे वाळत घालायचे आणि परत यायचं. जिना नाहीच कुठे." कानसेननं तिला इतकं मोकळं हसताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याच क्षणी त्यानं मनात घर घेतलं. कारखाना गेला खड्ड्यात, भाव गेले खड्ड्यात. साठवलेलं होतं, थोडं कर्ज मिळत होतं, बसत होतं सगळं.

मग तो मागच्या खोलीत गेला आणि सवयीनं दाराआड वाकला. खालच्या बिजागरीशी फुली होती.

त्यानं तळहात भिंतीवर टेकवला. भिंत कोरडी लागली. कान लावला. पाण्याचा मागमूस नाही. बोटाच्या पेरानं टकटक केलं, आवाज भरीव आला. पण रंगरावचं काम त्याला ठाऊक होतं. रंगरावची लांबी म्हणजे भिंतीला स्वतःलाच कळू नये की आपण आतून नासलोय. हात म्हणत होता कोरडी, कान म्हणत होता कोरडी, आणि फुली म्हणत होती सडकी. बावीस वर्षांत फुली एकदाही खोटी ठरली नव्हती. कानसेन उठला आणि बायकोला "चल" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यानं रंगरावला विचारलं. फुलीचं नाव काढायचं नव्हतं, म्हणून आडून विचारलं. "काय करू रे? आत्ता घेऊ की थांबू?"

रंगरावनं कपातल्या चहावरची साय बोटानं बाजूला केली. मग म्हणाला, "थांब. दिवस बरे नाहीत. कारखान्याचं काय ते कळू दे. सहा महिन्यांत ह्याच्या निम्म्यात मिळेल." आणि वर, "तू घर नीट बघून आलास ना? मग मला कशाला विचारतोस?"

 आपला दोस्त नियम न मोडता आपल्याला वाचवतोय, असं कानसेनला वाटलं. त्या दिवशी चहाचे पैसे त्यानंच दिले, वर खारी खाऊ घातली.

घरी मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बायकोनं एकदा विचारलं, दोनदा विचारलं, सहा वेळा विचारलं. "का नको? कारण तरी सांगा."

"दिवस बरे नाहीत."

"दिवस कधी बरे होते? माझे गुडघे दिवस बघून दुखतात का?"

"भाव उतरतील गं. जरा थांबू."

मग तिनं भांडी बाजूला ठेवली आणि समोर येऊन बसली. "एक खरं सांगा. घरात काही खोट आहे का? ओल आहे? वाकलंय काही? तुम्हाला त्यातलं कळतं. खोट असेल तर मी पुन्हा नाव काढणार नाही."

आता खरं सांगावं, तर ही सरळ माणूस, उठून बाईंना विचारणार. बाई रंगरावला विचारणार. बावीस वर्षांचं पितळ उघडं पडणार. कानसेन म्हणाला, "नाही. घरात खोट नाही."

"मग खोट तुमच्यातच आहे," असं म्हणून ती पुन्हा भांड्यांकडे गेली.

बाई सज्जन. नकार ऐकून म्हणाल्या, "आठ दिवस आणखी थांबते. मन बदललं तर कळवा." कानसेननं कळवलं नाही. नवव्या दिवशी त्यांनी घर विकलं. कुणाला, म्हणून त्यानं रंगरावला विचारलं, तर तो म्हणाला, "आहेत कुणी बाहेरगावचे."

पुढे कारखाना बंद पडला नाही आणि धड चाललाही नाही. भाव मात्र हलले, ते वरच्या दिशेनं. वर्षअखेर जवळ आली. शहराच्या टोकाला एका इमारतीत भाड्याची जागा मिळाली, ती चौथ्या मजल्यावर. लिफ्टची जागा सोडलेली होती, लिफ्ट नव्हती. बायको जागा बघायला गेली नाही. "तुम्ही बघितलीत ना, झालं," म्हणाली, आणि खोकी भरू लागली.

अशा एका सकाळी कानसेनला फोन आला. "नळवाले का? आमच्या स्वयंपाकघराच्या कपाटात आतल्या बाजूला तुमचा नंबर चिकटवलेला आहे. कपडे धुण्याच्या यंत्रासाठी मागच्या खोलीत नळ हवाय." पत्ता त्यानं दोनदा विचारून घेतला. बाईंचंच घर. नाही म्हणावं असं वाटलं. पण कोण राहतंय ते बघायची खाजही होती. गेला.

दार उघडलं ते एका तिशीतल्या माणसानं, बनियनवर, तोंडात दातांचा ब्रश. त्यानं मागची खोली दाखवली. फुलीची तीच भिंत. दाराआड आता फुली नव्हती. तेवढ्याच जागी ताज्या रंगाचा एक ठिपका होता.

इतक्या वर्षांत प्रथमच कानसेननं तोंड उघडलं. "साहेब, ही भिंत मी फोडणार नाही. हिच्यात ओल आहे."

तो माणूस ब्रश काढून हसला. "ओल? अहो, माझे सासरे रंगारी आहेत. त्यांनीच बघून घेऊन दिलंय आम्हाला. म्हणाले, ह्या गल्लीत इतकं कोरडं घर दुसरं नाही."

रंगरावच्या मुलीचं लग्न परगावी झालं होतं. बायकोच्या गुडघ्यांपायी कानसेनला जाता आलं नव्हतं. फोटो पाहिला होता, पण फोटोतला जावई सुटाबुटात होता. मुलगी-जावई बदली होऊन इथे येणार हे रंगरावनं सांगितलं होतं. भाड्यानं जागा घेतली आहे, असंही सांगितलं होतं.

"फोडू म्हणता?" कानसेननं विचारलं.

"फोडा की."

त्यानं छिन्नी लावली. पहिल्या घावाला रंग उडाला, दुसऱ्याला गिलावा. कोरडा भुगा त्याच्या मनगटावर पडला. नळाला लागते त्यापेक्षा तो खोल गेला, पार विटेपर्यंत गेला, आणि खाचेत दोन बोटं घातली. पिठासारखी कोरडी माती. भुग्यानं त्याला शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नुसतं शिंकांचं नव्हतं. लहानपणी बाप गेला तेव्हाही आपल्याला इतकं उघड्यावर पडल्यासारखं वाटलं नव्हतं, असं त्याला वाटलं.

काम त्यानं पूर्ण केलं. पाइप बसवला, नळ बसवला, सोडून बघितला, थेंब गळला नाही. अर्धवट काम टाकून जायचं त्याच्या हातांना जमत नव्हतं. तो पेटी आवरत होता तेव्हाच रंगराव फाटकातून आत आला. हातात भाजीची पिशवी होती. कानसेनला बघून तो अंगणातच थांबला.

"कधी मारलीस?" कानसेननं विचारलं.

रंगरावनं आढेवेढे घेतले नाहीत. "रंग वाळल्यावर."

"का?"

"तू घेणारच नव्हतास रे. किती घरं सोडलीस तू आजवर? तुला नाही म्हणायला कारण लागतं दर वेळी. मी दिलं एक."

"पोरीला हवंय म्हणून सांगायचं होतंस. मी स्वतः बाईंना बोललो असतो."

"नसतास बोलला," रंगराव चिडून म्हणाला. "ह्या वेळी तू घेतलं असतंस. बाईंचं नाव काढलं की तुझं तोंडच सांगत होतं."

"आत्ताच म्हणालास घेणारच नव्हतो."

रंगरावनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. मग जवळजवळ तक्रार केल्यासारखा म्हणाला, "तू हात लावून बघितलं असशीलच की. काय लागलं हाताला?"

"कोरडी."

"मग?"

"मग तुझी फुली होती," कानसेन म्हणाला.  केसानं गळा कापणं, हे इतके दिवस तो नुसतं बोलायला वापरत होता. आज त्याचा अर्थ कळला. त्यानं पेटी उचलली आणि रंगरावच्या बाजूनं निघून गेला.

घरी बायको खोक्यांना दोरी बांधत होती. त्यानं पेटी टेकवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फुली, बिजागरी, टपरीवरचा चहा, जावई, कोरडा भुगा.  त्याला वाटत होतं, आता ही पदर खोचेल, भावजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल, आणि आपल्याला जरा हलकं वाटेल. बावीस वर्षांच्या दोस्तानं फसवलं, ह्या दुःखाला घरात तरी कुणी वाटेकरी हवा होता.

ती दोरीचं टोक हातात धरून ऐकत होती. मग म्हणाली, "मी विचारलं होतं, घरात काही खोट आहे का. तुम्ही नाही म्हणालात."

"हो. पण ते—"

"तेव्हा तुम्हाला वाटत होतं, खोट आहे."

"हो."

"म्हणजे मला तुम्ही खोटं सांगितलंत, आणि खरं भावजींसाठी झाकून ठेवलंत." तिनं दोरी सोडून दिली. "तेव्हा ओल आहे एवढं बोलला असतात, तर मी भिंत खरवडायला लावली असती. त्याच दुपारी. नखानं खरवडली असती मी."

कानसेनला हे सुचलंच नव्हतं. भिंत त्याच्यासमोर होती, छिन्नी पेटीत होती.

"आणि त्या फुलीच्या घरांत बाकीची माणसं राहायला गेली," ती म्हणाली. "तुम्ही गप्प. भावजींनी तुम्हाला एकदा फसवलं. तुम्ही दोघांनी मिळून किती वर्षं चालवलं होतं हे?"

तो म्हणाला, "चुकलं माझं." खरोखरच चुकलं असं त्याला वाटत होतं, आणि इतक्या उशिरा वाटत होतं की त्याची त्यालाच लाज वाटली.

तिनं दोन्ही गुडघे चोळले.  मग भिंतीला धरून उठली आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"मी ताईकडे जाते. तिचं घर तळमजल्यावर आहे. ती वर्षभर म्हणतेय, ये. मीच थांबले होते, म्हटलं तुमचं काहीतरी ठरेल."

"किती दिवस?"

"ते मला विचारू नका."

"आणि नवी जागा? परवा सामान जायचंय."

"जाऊ दे की. चौथ्या मजल्यावर तुम्हाला काय थांबायचं ते थांबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच तो घाबरला. "माझे कपडे तेवढे वेगळे काढून ठेवा. उद्या ताईचा मुलगा न्यायला येईल."

ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली. सोबत यायला त्यानं पाऊल उचललं, तर तिनं हातानंच नको म्हटलं. दार लोटून तो परत आत आला. दोघांचं सामान एकत्रच बांधलेलं होतं. त्यानं पहिल्या खोक्याची दोरी सोडली आणि तिचे कपडे वेगळे काढायला बसला.